शिट्टी गेली, पण खर्जही गेला: गाडीतल्या साउंडच्या अर्थिंगचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

आमचं सांगलीत गाड्यांच्या साउंडचं छोटं दुकान आहे, मी आणि दोन पोरं. हे प्रकरण मागच्या वर्षीचं. गिऱ्हाईक कोण ते कळू नये म्हणून गाडीचं मॉडेल सांगत नाही आणि एकदोन बारीक गोष्टी बदलल्यात, पण मीटरवरचे आकडे जॉब कार्डावर लिहिलेत तेच देतोय.

गिऱ्हाईक मिरजेकडचे, शास्त्रीय गायन शिकवणारे, साठीच्या पुढचे. सगळे त्यांना गुरुजी म्हणतात म्हणून मीही गुरुजीच म्हणायचो. शिकवण्यासाठी रोज दोन-तीन गावं फिरतात आणि गाडीत बसलं की जुनी रेकॉर्डिंगं ऐकतात, बऱ्याचदा नुसता तानपुरा लावून स्वतः गुणगुणत जातात. गाडी पेट्रोल हॅचबॅक, तीन-चार वर्षं वापरलेली. कंपनीचा स्टिरिओ काढून ९ इंची अँड्रॉइड स्टिरिओ, पुढच्या दारात कंपोनंट स्पीकर, डिकीत चार चॅनलचा अँप (ॲम्प्लिफायर), ४ ओहमला चॅनलमागे ७५ वॉटचा, आणि मागे रिव्हर्स कॅमेरा एवढं काम होतं. सगळं आमच्याच दुकानात, एका दिवसात, शनिवारी. शनिवार मुद्दाम सांगतोय कारण त्या दिवशी दुकानात अजून तीन गाड्या उभ्या होत्या आणि घाई होती.

अडचण काय होती

मंगळवारी गुरुजी परत आले. म्हणाले, "गाडी चालू केली की तानपुऱ्यात शिट्टी येते हो. बंद गाडीत नाही." मी बसलो, सिनेमातलं एक गाणं लावलं, मला काहीच ऐकू आलं नाही. मग त्यांनी स्वतःचं तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग लावलं, आवाज अगदी कमी ठेवला आणि मला म्हणाले, आता रेस द्या. दिली. कुईंऽऽ करत शिट्टी वर चढली, रेस सोडली की खाली आली.

त्यांनी एक गोष्ट सांगितली ती मला आजवर कुठल्या मेकॅनिकनेही सांगितली नव्हती. म्हणाले, आरपीएमचा काटा ८०० वर असताना जो स्वर आहे तोच १६०० वर एक सप्तक वर जातो, बरोबर दुप्पट. म्हणजे आवाज इंजिनच्या फेऱ्यांना बांधलेला आहे. इंजिनबरोबर फिरून गाडीची वीज बनवणारा म्हणजे अल्टरनेटर, आणि त्याचं गणित सरळ आहे. अल्टरनेटरची पुली इंजिनच्या पुलीपेक्षा लहान, तो साधारण अडीचपट फिरतो, म्हणजे इंजिन ८०० वर असलं तर अल्टरनेटर मिनिटाला २००० फेरे, सेकंदाला ३३ च्या आसपास. १२ पोलचा रोटर आणि तीन फेज धरले तर डायोडमधून बाहेर पडणाऱ्या डीसीवर एका फेऱ्यात ३६ लहरी येतात, म्हणजे १२०० हर्ट्झ. १६०० ला २४००. नंतर मोबाईलवर स्पेक्ट्रमचं ॲप लावलं तर सुळका १२०० च्या जवळपासच दिसला. ब्लोअरचा किंवा फ्युएल पंपाचा आवाज असा रेसबरोबर सप्तक बदलत नाही, त्यामुळे ते दोन संशयित तिथेच सुटले.

आणि हा १ ते ४ हजार हर्ट्झचा पट्टा म्हणजे आपल्या कानाला सगळ्यात पटकन ऐकू येणारा. तानपुऱ्याची जवारी (घोडीवर तार टेकते तिथून येणारा झणकार) चांगली उघडलेली असली की वरचे जे स्वर खुलतात तेही त्याच भागात. ढोलताशाच्या गाण्यात ही शिट्टी बुडून जाते, तानपुऱ्यात ती बरोबर जवारीच्या मधे येऊन बसते. त्यांची तक्रार बारीकसारीक नव्हती, त्यांना जे ऐकायचंय नेमकं तेच खराब होत होतं.

पहिल्या दिवशी मी काय केलं

इथे मी चुकलो. तपासणी न करता सामान लावायला घेतलं.

आधी स्टिरिओच्या १२ व्होल्टच्या लाईनला तयार नॉइज फिल्टर लावला, आत कॉइल आणि कपॅसिटर असतो तो. काडीचा फरक नाही. खरं तर लावायच्या आधीच कळायला हवं होतं, कारण स्टिरिओचा आवाज शून्यावर नेला तरी शिट्टी तेवढीच येत होती. व्हॉल्यूम फिरवल्यावर शिट्टी कमीजास्त होत नसेल तर ती व्हॉल्यूम कंट्रोलच्या पुढे कुठेतरी शिरतेय, म्हणजे स्टिरिओच्या आउटपुटपासून अँपपर्यंतच्या भागात. व्हॉल्यूमबरोबर वाढत असती तर उगम स्टिरिओच्या आत किंवा त्याच्याही मागे. दहा सेकंदाची टेस्ट आहे, बटण फिरवायचं फक्त.

मग आरसीए वायरीच्या, म्हणजे स्टिरिओचा सिग्नल अँपपर्यंत नेणाऱ्या वायरीच्या, मधे ग्राउंड लूप आयसोलेटर लावला. दुकानात ठेवलेलाच असतो, तीन-चारशेचा. शिट्टी एकदम गायब. मला बरं वाटलं, पोरानं डिकीचं पॅनल बसवायलाही घेतलं. गुरुजी आत बसले, डोळे मिटले, दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "शिट्टी गेली खरी, पण खर्ज पण गेला."

त्यांचं बरोबर होतं. आयसोलेटर म्हणजे आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर, वायरीने जोड न ठेवता सिग्नल पलीकडे देतात. स्वस्तातल्या आयसोलेटरमध्ये गाभा इतका लहान असतो की खालच्या फ्रिक्वेन्सीला तो पुरत नाही, बास पातळ होतो आणि जोरात वाजवलं तर फाटतो. काळी एकच्या (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरातल्या) तानपुऱ्याचा खर्ज, म्हणजे सगळ्यात खालच्या तारेचा सा, साधारण ६९ हर्ट्झला, जोडीच्या तारा त्याच्या दुप्पट, १३८ च्या आसपास. कंपोनंट स्पीकरमधून आधीच खर्ज पूर्ण उतरत नाही, त्यात आयसोलेटरनं राहिलेलाही खाल्ला.

कुठले पर्याय होते

संध्याकाळचे साडेसहा वाजलेले. गुरुजी स्वभावाने इतके सौम्य की मी "एवढंच होतं" म्हणालो असतो तर ते पैसे देऊन गेले असते, आणि हा निर्णयाचा पहिला खरा क्षण होता. मी गाडी ठेवून घेतली, त्यांना मिरजेला सोडायला पोराला पाठवलं आणि रात्री बसून काय काय करता येईल ते कागदावर काढलं.

एक म्हणजे महागातला, मोठ्या गाभ्याचा आयसोलेटर. त्यानं खर्ज बराच वाचला असता, पण मूळ दोष गाडीत तसाच राहिला असता आणि पावसाळ्यात गंज धरून वाढला असता. दुसरा पर्याय सगळीकडे सांगितला जातो तो, आरसीए बदलून जाड शील्डची घ्या आणि पॉवर केबलपासून लांब गाडीच्या दुसऱ्या बाजूने ओढा. हे करावंच, आम्ही करतोच, या गाडीतही पॉवर डावीकडून आणि आरसीए उजवीकडून होती. पण माझा अनुभव असा की शिट्टीच्या दहा गाड्यांत केबल जवळ असल्यामुळे आलेली शिट्टी क्वचित एखाद्या गाडीत, बाकी सगळीकडे अर्थच.

तिसरा, अँपचा अर्थ बॉडीला न देता बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत वेगळी केबल ओढायची. बरेच मिस्त्री करतात. पण या गाडीत निगेटिव्ह टर्मिनलवर करंट मोजणारा सेन्सर होता. त्याला वळसा घालून थेट टर्मिनलवर अर्थ लावला की अँपचा करंट त्या सेन्सरला दिसतच नाही, मग गाडीचा कॉम्प्युटर बॅटरीचा हिशेब चुकवतो. शिवाय चार-साडेचार मीटर केबल विनाकारण. बॉडीचा पत्रा हा त्या केबलपेक्षा कितीतरी चांगला कंडक्टर आहे, त्याला नीट पकडता आलं पाहिजे एवढंच.

चौथा, सगळं उघडून दोष कुठल्या जोडावर आहे ते शोधायचं. वेळ जाणार, पैसे मिळणार नाहीत. हाच धरला.

शोधाशोध

सकाळी आयसोलेटर आणि फिल्टर दोन्ही काढून टाकले, शिट्टी परत आणली. दोष समोर असला तरच शोधता येतो.

आधी अल्टरनेटर. बंद गाडीत बॅटरी १२.६ व्होल्ट, चालू गाडीत १४.२. मीटर एसीवर टाकून बॅटरीवरच मोजलं, २५ ते ३० मिलिव्होल्ट. डायोड गेला असता तर हा आकडा कितीतरी पट जास्त आला असता. म्हणजे अल्टरनेटर निरोगी, त्याच्या लहरी नेहमीएवढ्याच आहेत, आपण त्यांना आत यायला वाट दिलीय.

मग अँप बंद करून त्याच्या इनपुटच्या आरसीए काढल्या आणि तिथे शॉर्टिंग प्लग लावले, म्हणजे आरसीएचा मधला पिन आणि बाहेरची कडी जोडलेला रिकामा प्लग, घरी सोल्डर करून बनवलेला. इंजिन चालू, रेस दिली, पूर्ण शांत. म्हणजे अँप, त्याची पॉवर आणि स्पीकरच्या वायरी निर्दोष. नंतर जुना बॅटरीवरचा एमपीथ्री प्लेयर थेट अँपला लावला, तोही शांत, कारण त्याला गाडीचा अर्थच नाही. स्टिरिओची आरसीए परत लावली की शिट्टी हजर.

इथे थोडं थांबून सांगतो की आत होतं काय. स्टिरिओचा अर्थ डॅशबोर्डमागे, अँपचा अर्थ डिकीत. दोन्ही "बॉडीला" आहेत असं आपण म्हणतो, पण जोड खराब असला की त्या जोडावर करंटमुळे थोडे व्होल्ट पडतात आणि अँपचा शून्य हा स्टिरिओच्या शून्यापेक्षा वर उचलला जातो. दोघांना जोडणारी तिसरी वाट म्हणजे आरसीएची जाळी, आतल्या तारेवरचं धातूचं विणलेलं आवरण. जो करंट बॉडीतून परत जायला हवा त्यातला थोडा या जाळीतून जातो, आणि अँपला वाटतं हाही सिग्नलच आहे, तो त्याला मोठा करून स्पीकरला देतो. यालाच ग्राउंड लूप किंवा अर्थ लूप म्हणतात. डीसीचा भाग ऐकू येत नाही, पण त्यावर बसलेली अल्टरनेटरची लहर काही मिलिव्होल्ट जरी असली तरी अँपनंतर ती शिट्टी होते.

आता मोजमाप. इंजिन चालू, हेडलाईट आणि ब्लोअर चालू, गाणं मध्यम आवाजात, मीटरचं एक टोक अँपच्या ग्राउंड टर्मिनलला आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. ०.३८ व्होल्ट. आम्ही ०.१ च्या आत असलं तरच पास धरतो. ओहममध्ये मोजलं तर हा जोड चांगलाच दिसला असता, साधा मीटर इतका कमी ओहम नीट दाखवत नाही, करंट वाहत असतानाच मोजावं लागतं.

पॅनल उघडलं आणि मला वाईट वाटलं. अर्थचं थिंबल (केबलच्या टोकाची धातूची कडी) मागच्या सीटबेल्टच्या बोल्टखाली होतं, खालचा रंग खरवडलेला नाही, धातूचा संपर्क फक्त बोल्टच्या आट्यांतून. केबल सव्वा मीटर लांब आणि तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची, किटमध्ये आलेली. सीटबेल्टचा बोल्ट हा तर आवाजापेक्षा मोठा विषय आहे, त्याच्या टॉर्कवर माणसाचा जीव असतो, त्याखाली थिंबल घालायचंच नाही. पोराने लावलं होतं, पण गाडी बाहेर जाताना बघायची जबाबदारी माझी होती आणि मी बघितलं नव्हतं.

काय काय केलं

सीटबेल्टचा बोल्ट ठरलेल्या टॉर्कने परत घट्ट केला. डिकीत अँपजवळ बॉडीला वेल्ड केलेल्या नटाचा दुसरा बोल्ट होता तो घेतला. नवीन भोक पाडलं नाही, या गाडीत मागच्या सीटखाली पेट्रोलची टाकी आहे आणि तिथे ड्रिल चालवायचं नसतं. पॉलिश पेपरने रंग आणि प्रायमर दोन्ही काढून पत्रा चकचकीत केला, शुद्ध तांब्याची ४० सेंटीमीटर केबल, क्रिम्प केलेलं थिंबल, स्टार वॉशर, घट्ट आवळलं, आणि आवळल्यानंतर वरून ग्रीस, म्हणजे गंज धरणार नाही. मीटरवर ०.३८ चे ०.०४ झाले.

शिट्टी बरीच कमी झाली, पण गेली नाही. माझ्या कानाला जवळजवळ संपली होती, गुरुजींच्या कानाला नक्की ऐकू आली असती. निर्णयाचा दुसरा क्षण हा, आणि इथे बहुतेक जण थांबतात, कारण एक मोठं कारण सापडलं की मन म्हणतं झालं.

स्टिरिओ बाहेर ओढला. त्याची काळी वायर कंपनीच्या कपलरच्या बारीक अर्थ वायरीला पिळून टेप लावलेली. त्याच वायरीवर डॅशबोर्डमधल्या बाकी गोष्टींचा करंट. तिला सोडवून २.५ चौरस मिलिमीटरची वेगळी वायर डॅशमागच्या लोखंडी बारला दिली. शिट्टी अजून उतरली, पण रेस दिली की एक धागा शिल्लक.

मग एक शंका आली. काही स्टिरिओत आरसीएच्या बाहेरच्या कडीचा अर्थ आत बोर्डवर एका नखाएवढ्या फ्यूजमधून जातो, चालू स्थितीत आरसीए काढ-घाल केली की तो उडतो आणि मग कितीही अर्थ सुधारा शिट्टी राहतेच. तपासायला एक वायर आरसीएच्या कडीला गुंडाळून दुसरं टोक स्टिरिओच्या बॉडीला टेकवायचं, शिट्टी गेली तर फ्यूज उडालाय. इथे काहीच फरक पडला नाही, म्हणजे तो शाबूत.

आता स्टिरिओच्या मागचा एकेक प्लग काढायला लागलो. रेडिओची अँटेना, फरक नाही. यूएसबी, नाही. माईक, नाही. रिव्हर्स कॅमेऱ्याची पिवळी आरसीए काढली आणि एकदम शांतता. मी परत लावली, शिट्टी आली, परत काढली, गेली. पाच वेळा केलं.

कॅमेऱ्याला पॉवर रिव्हर्सच्या दिव्यातून, अर्थ तिथेच टेललॅम्पजवळ बॉडीला, आणि व्हिडिओची जाळी पुढे स्टिरिओपर्यंत. रिव्हर्स टाकलेला नसला, कॅमेरा बंद असला तरी अर्थ कायम जोडलेलाच असतो. म्हणजे डिकीपासून डॅशपर्यंत जाळीची दुसरी वाट तयार होती आणि आम्ही तिच्याकडे साउंडची वायर म्हणून कधी बघितलंच नव्हतं. कॅमेऱ्याची काळी वायर टेललॅम्पवरून सोडवली आणि व्हिडिओ केबलबरोबर एक वेगळी वायर ओढून स्टिरिओच्याच अर्थला आणली. कॅमेऱ्याची बॉडी प्लास्टिकची होती म्हणून स्क्रूमधून परत अर्थ मिळायचा प्रश्न नव्हता. धातूची असती तर खाली रबर घालावं लागलं असतं.

शेवटी गेन, म्हणजे आलेला सिग्नल अँपने किती मोठा करायचा ते ठरवणारं बटण. शनिवारी पोराने गेन जवळजवळ पूर्ण उघडला होता, आवाज मोठा वाटावा म्हणून. गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे, तो जास्त ठेवला की सिग्नलबरोबर सगळा कचराही मोठा होतो. स्पीकर सोडवून टेस्ट टोन लावून मीटरने सेट केला. ७५ वॉट गुणिले ४ ओहम म्हणजे ३००, त्याचं वर्गमूळ १७.३ व्होल्ट, आम्ही त्याच्या थोडं खाली १६ ला थांबलो. बारीक सूंऽऽ असा जो आवाज मागे असायचा तो यानं खाली गेला.

निकाल

दोन भेटी मिळून साधारण सात तास. गुरुजींकडून पैसे घेतले नाहीत, फिल्टर-आयसोलेटरचे घेतलेले परत दिले, नवीन केबल आमच्याकडून. ते दुपारी आले, गाडी चालू करून काचा वर केल्या, एसी बंद केला आणि तानपुरा लावला. मी बाहेर उभा होतो, आत बसायची हिंमत झाली नाही. पाचेक मिनिटांनी काच खाली केली आणि म्हणाले, "आता षड्ज लागला." मी घरी जाऊन बायकोला हेच सांगितलं.

पावसाळा संपल्यावर गाडी परत मागवून मोजली, ०.०५ व्होल्ट, म्हणजे जोड टिकलाय. एक आवाज मात्र शिल्लक आहे: मोबाईल चार्जिंगला लावून त्याच मोबाईलवरून ऑक्सने गाणं लावलं की वेगळी किरकिर येते. तोही अर्थ लूपच, चार्जर आणि ऑक्सच्या वायरीमधला. ते ब्लूटूथवर ऐकतात म्हणून आम्ही तिथे हात घातला नाही.

पुन्हा असं काम आलं तर

व्हॉल्यूम फिरवायची टेस्ट आणि शॉर्टिंग प्लग आधी, सामान नंतर. या दोन टेस्टनंतर निम्मी गाडी संशयातून बाहेर पडते आणि मी हे पहिल्या संध्याकाळी केलं असतं तर गुरुजींची एक फेरी वाचली असती. आयसोलेटर वाईट असं माझं म्हणणं नाही, कधी अर्थ गाठताच येत नाही तिथे तो लागतो, पण चांगला घ्यावा आणि गिऱ्हाईकाला आत काय लावलंय ते सांगून लावावा.

पॅनल बंद करायच्या आधी अर्थवरचे व्होल्ट मोजून जॉब कार्डावर लिहायचे, ही सवय आता लावून घेतलीय. एका वेळी एकच बदल करायचा हेही. त्या दिवशी मी अँपचा अर्थ, स्टिरिओचा अर्थ आणि कॅमेरा तिन्ही एकदम केलं असतं तर शिट्टी गेली असती, पण कॅमेऱ्याचं मला कधीच कळलं नसतं आणि पुढच्या गाडीला तीच चूक केली असती. त्यानंतर आमच्याकडे आलेल्या शिट्टीच्या दोन गाड्यांत कॅमेराच निघाला.

आणि गिऱ्हाईकाला काय ऐकता हे आधी विचारतो. गुरुजींनी ते तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग आम्हाला पेनड्राइव्हवर दिलंय, काळी एकचं, अर्ध्या तासाचं. कुठलीही गाडी दुकानाबाहेर काढायच्या आधी इंजिन चालू करून, आवाज अगदी कमी ठेवून, ते लावतो आणि पोराला रेस द्यायला सांगतो.